सौरवादळं आणि भूकंप: रोजचे आकडे स्वतः कसे वाचावेत

"सूर्यावर प्रचंड स्फोट, पुढचे 48 तास भूकंपाचा धोका, सर्वांना पाठवा." हा मजकूर फिरतच असतो. तारीख बदलते, बाकी तोच. गंमत अशी की या मजकुरातल्या दोन्ही गोष्टींची, म्हणजे सूर्याची आणि भूकंपांची, मूळ आकडेवारी रोज, फुकट आणि काही मिनिटांच्या अंतराने सगळ्यांसमोर ठेवली जाते. ती वाचायला खगोलशास्त्राची पदवी लागत नाही. दोन-तीन संकेतस्थळं, साडेपाच तासांची बेरीज आणि सकाळची दहा मिनिटं पुरतात.

हा लेख महाराष्ट्रात बसून ते आकडे वाचणाऱ्यासाठी आहे. एकच आकडा नॉर्वेत बसलेल्याला एक सांगतो आणि नाशिकमध्ये बसलेल्याला दुसरं. बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पायरी 1: आधी घड्याळ जुळवा

जगभरच्या बहुतेक नोंदी यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतात. भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास. यूटीसीचा नवा दिवस आपल्याकडे पहाटे 5:30 ला सुरू होतो, त्यामुळे आपल्या पहाटेच्या घटना जागतिक यादीत आदल्या तारखेला पडतात.

किल्लारीचा भूकंप आपल्या सगळ्यांच्या डोक्यात 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3:56 असा आहे. जागतिक यादीत तो 29 सप्टेंबरला, 22:25 वाजता सापडेल. कोयनेचा भूकंप आपल्यासाठी 11 डिसेंबर 1967, पहाटे 4:21 चा. जागतिक यादीत 10 डिसेंबर. तारीख न बदलता शोधलंत तर "यादीत भूकंपच नाही" असं वाटेल, आणि मग कुणीतरी त्यावरून लपवाछपवीची गोष्टही रचेल.

सवय म्हणून एवढं करा: जिथून आकडा घेताय तिथे यूटीसी लिहिलंय की आयएसटी ते आधी पाहा. राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्र भारतीय वेळ देतं. अमेरिकेचं भूगर्भ सर्वेक्षण, म्हणजे यूएसजीएस, मुळात यूटीसीत नोंदवतं, पण पानाच्या सेटिंगमध्ये तुमची स्थानिक वेळ दाखवायची सोय आहे.

पायरी 2: आर, एस आणि जी

अंतराळ हवामानासाठी सगळ्यात सोयीचं पान अमेरिकेच्या नोआ या संस्थेच्या अंतराळ हवामान अंदाज केंद्राचं. हे केंद्र कोलोरॅडोतल्या बोल्डर गावी आहे. त्यांचा तीन दिवसांचा अंदाज दिवसातून दोनदा निघतो, यूटीसी 00:30 आणि 12:30 ला, म्हणजे आपल्या सकाळी 6 आणि संध्याकाळी 6 वाजता. सकाळचा चहा घेताना पाहिलंत तर ताजाच मिळतो.

पानाच्या वरच्या बाजूला तीन चौकटी दिसतात: आर, एस, जी. प्रत्येकाला 1 ते 5 अशा पायऱ्या. पाच म्हणजे अतितीव्र.

आर म्हणजे रेडिओ संपर्कात येणारा खंड. तो सौरज्वालेतल्या क्ष-किरणांमुळे येतो. ज्वालांचे वर्ग ए, बी, सी, एम, एक्स असे चढत जातात आणि प्रत्येक वर्ग आधीच्याच्या दहापट. एम1 ज्वाला झाली की आर1, एम5 ला आर2, एक्स1 ला आर3, एक्स10 ला आर4 आणि एक्स20 ला आर5. प्रकाश सूर्यापासून आपल्याकडे सव्वाआठ मिनिटांत येतो, क्ष-किरणही तेवढ्याच वेळात. त्यामुळे या प्रकारात पूर्वसूचना नसतेच. बातमी आणि परिणाम एकत्रच येतात. परिणाम फक्त पृथ्वीच्या उजेडातल्या अर्ध्या भागावर होतो. म्हणून एक्स वर्गाच्या ज्वालेची बातमी दिसली की पहिला प्रश्न हा विचारा: त्या वेळी भारतात दिवस होता का? रात्री दोन वाजता झालेल्या ज्वालेने आपल्या आकाशातला रेडिओ बिघडत नाही. दुपारी बारा वाजता झाली असेल तर हॅम म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचे शॉर्टवेव्ह पट्टे काही मिनिटांपासून तासभर ओस पडतात. मोबाईलवर याचा काहीही परिणाम होत नाही.

एस म्हणजे वेगवान प्रोटॉनांचा मारा. उपग्रह, अंतराळवीर आणि ध्रुवांजवळून जाणारी विमानं यांच्यासाठी तो महत्त्वाचा. आपल्या अक्षांशावर पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र त्यांना बाहेरच वळवतं. ही चौकट पाहा आणि पुढे सरका.

जी म्हणजे भूचुंबकीय वादळ, सौरवाऱ्यामुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात होणारी खळबळ. खरा मुक्काम इथे करायचा.

पायरी 3: सौरवारा पाहा, त्यातही बीझेडची दिशा

सूर्यातून विद्युतभारित कणांचा वारा सतत वाहत असतो. शांत दिवशी त्याचा वेग सेकंदाला 300 ते 400 किलोमीटर. सूर्याच्या बाह्य वातावरणात ज्यांना कोरोनल होल म्हणतात असे काळसर भाग दिसतात, तिथून निघणारा वारा 500 ते 700 पर्यंत जातो. सूर्य साधारण 27 दिवसांत स्वतःभोवती फिरून तीच बाजू पुन्हा आपल्यासमोर आणतो, म्हणून असे झोत 27 दिवसांनी परतू शकतात. तुमच्या वहीत मागच्या महिन्याची नोंद असेल तर हा अंदाज तुम्हालाही बांधता येईल.

त्याहून मोठा प्रकार म्हणजे कोरोनल मास इजेक्शन, सीएमई. यात सूर्य अब्जावधी टन वायू चुंबकीय क्षेत्रासकट फेकतो. तो पृथ्वीपर्यंत यायला एक ते तीन दिवस लागतात, अगदी वेगवान असेल तर पंधरा-अठरा तास. ज्वाला आणि सीएमई या दोन वेगळ्या घटना आहेत. मोठी ज्वाला होऊनही सीएमई निघत नाही, किंवा निघते आणि भलत्याच दिशेला जाते, असं नेहमी होतं. "सूर्यावर स्फोट" एवढ्याच बातमीवरून काही ठरवता येत नाही ते यामुळे.

पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने 15 लाख किलोमीटरवर एल1 नावाचा बिंदू आहे. तिथे बसलेली अंतराळयानं हा वारा आपल्या आधी मोजतात. भारताचं आदित्य-एल1 तिथेच आहे. 2 सप्टेंबर 2023 ला उड्डाण, 6 जानेवारी 2024 ला कक्षेत. त्यावरची सूर्याची अतिनील छायाचित्रं घेणारी सूट ही दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेने उभी केली आहे. वारा 400 च्या वेगाने येत असेल तर एल1 पासून पृथ्वीपर्यंत तासभर लागतो, 800 ने येत असेल तर अर्धा तास. खात्रीची पूर्वसूचना म्हणाल तर एवढीच.

आता आलेखात बीझेड नावाची रेघ शोधा. ती सौरवाऱ्यातल्या चुंबकीय क्षेत्राची उत्तर-दक्षिण दिशा दाखवते. आकडा धन असेल, म्हणजे क्षेत्र उत्तरेकडे, तर वेग कितीही असो, बरीचशी ऊर्जा पृथ्वीला वळसा घालून जाते. आकडा ऋण झाला, उणे 10, उणे 15, आणि तासन् तास तिथेच राहिला, की आपल्या चुंबकीय क्षेत्राची कडी निघते आणि वादळ आत शिरतं. सीएमई सूर्यावरून निघताना तिच्यातल्या क्षेत्राची दिशा भरवशाने सांगता येत नाही. एल1 ला पोहोचल्यावर कळते. त्यामुळे "उद्या जी4 ची शक्यता" असं दोन दिवस गाजून प्रत्यक्षात जी1 वरच भागलं, तर अंदाज देणाऱ्यांना हसू नका. बीझेड वर गेला असेल.

पायरी 4: केपीचा आकडा आपल्या अक्षांशावर आणून वाचा

पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र किती खवळलंय ते सांगणारा केपी हा 0 ते 9 मधला आकडा दर तीन तासांनी निघतो. अधिकृत केपी जर्मनीतल्या पॉट्सडॅमची जीएफझी संस्था काढते, नोआचं केंद्र त्याचा तात्काळ अंदाज देतं. 5 म्हणजे जी1, 6 म्हणजे जी2, असं करत 9 म्हणजे जी5. दिवसाचे आठ स्तंभ दिसतात. पहिला आपल्या पहाटे 5:30 ते 8:30 चा.

महाराष्ट्रात बसून त्याचं काय करायचं?

4 पर्यंत: काहीच नाही. 5 किंवा 6: तुम्ही हॅम असाल तर उत्तरेकडचे, युरोप-अमेरिकेचे संपर्क अवघड होतील. 7 च्या पुढे: अचूक जीपीएसवर काम करणाऱ्यांनी लक्ष द्यावं. मोजणीला येणारे रोव्हर, शेतावर फवारणी करणारे ड्रोन, बांधकामावरची सर्वेक्षणाची यंत्रं सेंटीमीटरची अचूकता मागतात आणि आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, खवळला की ती हलते. ज्या मोजणीवरून बांधाचं भांडण होऊ शकतं ती अशा दिवशी दुसऱ्यांदा घ्या.

इथे आपल्या भागाची एक खोड सांगायला हवी. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं आणि त्यामुळे आयनांबराचा सगळ्यात दाट पट्टा मध्य भारतावर येतो. सूर्यास्तानंतर, विशेषतः मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास, या आयनांबरात पोकळ्या तयार होऊन उपग्रहांचे संकेत थरथरतात. त्यासाठी केपी 1 असला तरी चालतं. म्हणजे संध्याकाळी आठ वाजता जीपीएस वेडंवाकडं दाखवत असेल तर लगेच सौरवादळावर खापर फोडू नका. सूर्य शांत असतानाही हे होतं.

9: असा दिवस दशकात एखादा. 10 मे 2024 ला सुरू झालेलं वादळ ऑक्टोबर 2003 नंतरचं पहिलं जी5 होतं. त्या रात्री लडाखमधल्या हानले इथून आकाशात लालसर ध्रुवीय प्रकाश टिपला गेला. महाराष्ट्रातून अशी अपेक्षा ठेवू नये, पण अशक्यही म्हणता येत नाही. 4 फेब्रुवारी 1872 च्या रात्री मुंबईतून ध्रुवीय प्रकाश दिसल्याची नोंद आहे.

परदेशातल्या मराठी घरांत मात्र हाच आकडा वेगळ्या उत्साहाने पाहिला जातो. नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला केपी 2 पुरतो. एडिंबरोत साधारण 5-6 लागतो, टोरांटोला 6-7. शिवाय ढग नसणं आणि अंधार असणं, जे कुठल्याच निर्देशांकात येत नाही.

ही मोजमापं आपल्याकडे नवी नाहीत. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत 1841 पासून चुंबकीय नोंदी घेतल्या जात. 1859 च्या सप्टेंबरमध्ये इतिहासातलं सर्वांत गाजलेलं सौरवादळ आलं, तेव्हा कुलाब्याच्या उपकरणाने क्षेत्रात सुमारे 1600 नॅनोटेस्लांची (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) घसरण नोंदवली. युरोपातली अनेक उपकरणं त्या वादळात मोजपट्टीबाहेर गेली होती, म्हणून कुलाब्याचा कागद आजही जगभरचे संशोधक काढून पाहतात. पुढे मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हटल्यावर नानाभॉय मूस यांनी चुंबकीय काम अलिबागला हलवलं. 1904 पासून अलिबागची नोंद चालू आहे आणि पनवेलची भारतीय भूचुंबकत्व संस्था ती सांभाळते. त्या संस्थेचे आलेख पाहता आले तर केपीपेक्षा ते पाहा, कारण ते आपल्या पायाखालचं क्षेत्र दाखवतात. अलिबागला आडवं क्षेत्र सुमारे 38 हजार नॅनोटेस्ला आहे. शंभर नॅनोटेस्लांची घसरण म्हणजे नाव घेण्याजोगं वादळ, पण टक्केवारीत ती पाव टक्क्याच्या जवळपास बसते.

पायरी 5: भूकंपाची यादी कुठली घ्यायची ते ठरवा

महाराष्ट्रातल्या छोट्या धक्क्यांसाठी राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राची यादी किंवा त्यांचं 'भूकंप' हे ॲप. जगासाठी यूएसजीएस. दोन्ही पाहा, पण एकातला आकडा दुसऱ्यात शोधत बसू नका. यूएसजीएस स्वतःच्या देशातले अडीच-तीनचे धक्के मोजतं. बाहेरच्या देशांतले साधारण चारच्या खालचे बहुधा नोंदवत नाही. डहाणू-तलासरी भागातला 2.8 चा धक्का त्यांच्या यादीत नसेल. याचा दुसरा परिणाम असा की 2.5 च्या वरची जागतिक यादी उघडली की अलास्का, कॅलिफोर्निया, हवाई याच नावांची गर्दी दिसते आणि सगळे भूकंप अमेरिकेतच होतात असं वाटतं. यादी 4.5 च्या वर लावा. मग इंडोनेशिया, जपान, टोंगा, चिली असा खरा नकाशा उमटतो.

एक हिशेब पाठ करून ठेवण्यासारखा आहे. यूएसजीएसचं केंद्र वर्षाला सुमारे 20 हजार भूकंप नोंदवतं, म्हणजे रोजचे पन्नासहून अधिक. पाच ते सहामधले दिवसाला तीन-चार. सहाच्या वरचे सरासरी दर दोन-तीन दिवसांनी एक. सातच्या वरचे वर्षाला पंधराच्या आसपास. आठच्या वरचा साधारण वर्षाला एक. हे आकडे माहीत असले की "आज जगात 52 भूकंप, पृथ्वी अस्वस्थ" या मथळ्याकडे पाहून तुम्ही पान उलटाल.

पायरी 6: एक ओळ सावकाश वाचा

उदाहरणाला हिंगोलीची ओळ घेऊ. 21 मार्च 2024, सकाळी 6:08, तीव्रता 4.5, खोली 10 किलोमीटर, ठिकाण हिंगोली, महाराष्ट्र. पाठोपाठ 6:19 ला 3.6 चा दुसरा.

वेळ: ही उगमाची वेळ. तुमच्या घरात भांडी वाजली ती त्यानंतर काही सेकंदांनी.

ठिकाण: यादीत जवळच्या मोठ्या गावाचं नाव येतं, केंद्रबिंदू त्या गावाखालीच असतो असं नाही. अक्षांश-रेखांश नकाशावर टाका. त्यातही काही किलोमीटरची चूक गृहीत धरा. कोयनेच्या बातम्यांत "धरणापासून इतके किलोमीटर, हेळवाकच्या नैऋत्येला" असं येतं ते स्थानिक केंद्राचं मोजमाप असतं. जवळ उपकरणांचं जाळं असल्यामुळे ते जास्त नेमकं.

खोली: 5, 10, 33 असे गोल आकडे दिसले तर सावध. उथळ भूकंपाची खोली नीट काढता आली नाही की संगणकात एक ठरावीक आकडा धरला जातो. "दोन्ही भूकंप बरोब्बर 10 किलोमीटरवर, हा योगायोग नाही" असं म्हणणाऱ्याला हे सांगा. खोलीला महत्त्व मात्र खूप. हिंदुकुशातले भूकंप अनेकदा दोनशे किलोमीटर खोल असतात. दिल्लीपर्यंत पंखे हलतात आणि नुकसान त्या मानाने थोडं होतं.

तीव्रता: वर्तमानपत्रं अजून "रिश्टर स्केल" लिहितात. चार्ल्स रिश्टरची मूळ मोजपट्टी 1935 ची, दक्षिण कॅलिफोर्नियासाठी केलेली. मोठ्या भूकंपांना आता मोमेंट मॅग्निट्यूड वापरतात, लहानांना स्थानिक मापन. दोन संस्थांच्या आकड्यांत 0.2-0.3 चा फरक हा भांडणाचा विषय नाही. पहिला आकडा स्वयंचलित असतो, माणसाने तपासल्यावर बदलतो. यादीत ती खूण असते. निदान तासभर थांबून पुन्हा पाहा आणि मगच कुणाला पाठवा.

एक अंक वाढला की कंपनाचा आयाम दहापट आणि ऊर्जा सुमारे 32 पट होते. त्यामुळे "छोटे धक्के बसतायत ते बरंच आहे, ताण निघून जातोय" हा गावोगाव ऐकू येणारा दिलासा गणितात टिकत नाही. किल्लारीचा भूकंप 6.2 चा होता. तेवढी ऊर्जा 2.5 च्या धक्क्यांतून सोडायची तर साडेतीन लाख धक्के लागतील.

आणि तीव्रतेचा आकडा नुकसान सांगत नाही. 6.2 चा भूकंप जगात दर काही दिवसांनी कुठेतरी होतो आणि बातमीतही येत नाही. किल्लारीत तो उथळ होता, पहाटेचा होता, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरचा होता, आणि लोक जाड दगड-मातीच्या भिंतींवर मातीचं माळवद घेतलेल्या घरांत झोपले होते. माणसं मेली ती त्या भिंती आणि माळवद अंगावर येऊन. जमिनीवर प्रत्यक्ष किती हललं हे सांगणारी मोजपट्टी वेगळी असते, रोमन आकड्यांत 1 ते 12. मोठ्या भूकंपाच्या पानावर तिचा रंगीत नकाशा असतो; आपलं गाव कुठल्या रंगात आहे ते पाहा.

पायरी 7: एकटा धक्का की मालिका

यादीतला एक धक्का पाहून काही कळत नाही. त्याच ठिकाणच्या मागच्या नोंदी काढा.

महाराष्ट्रात तीन वेगवेगळे नमुने सापडतात. कोयना-वारणा भाग हा धरणाच्या पाण्याशी जोडलेल्या भूकंपांचं जगातलं सर्वांत अभ्यासलेलं ठिकाण. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय 1962 पासून भरू लागला, 1967 ला 6.3 चा मोठा भूकंप झाला, आणि आजवर पाचच्या वरचे वीसहून अधिक धक्के बसले आहेत. तिथे पाणी चढताना आणि नंतर उतरताना हालचाल वाढते, म्हणून पावसाळ्यापासून डिसेंबरपर्यंतच्या नोंदी जलाशयाच्या पातळीशेजारी लिहाव्यात. कराडला याच अभ्यासासाठी प्रयोगशाळा आहे आणि कोयना भागातल्या खडकात 3 किलोमीटर खोल विंधन केलेलं आहे.

पालघर जिल्ह्यात धुंदलवाडीच्या आसपास नोव्हेंबर 2018 पासून जे चाललं त्याला मोठा मुख्य भूकंप नव्हताच. बारीक-मध्यम धक्क्यांचा थवा. अशा थव्यात "हा शेवटचा" किंवा "आता मोठा येणार" यातलं काहीही सांगायला आधार नसतो.

मराठवाड्यातला तिसरा प्रकार, हिंगोली जिल्ह्यातला. वसमत तालुक्यात पांगरा शिंदे परिसरात लोक वर्षानुवर्षं जमिनीतून येणाऱ्या आवाजांबद्दल सांगतात. अगदी उथळ, लहान धक्क्यांत आवाज कंपनाआधी जाणवू शकतो, यंत्रावरची नोंद मात्र किरकोळ असते.

मोठ्या भूकंपानंतरचे उत्तरकंप मात्र नियम पाळतात. त्यांची संख्या पहिल्या दिवसाच्या मानाने झपाट्याने उतरत जाते; जपानच्या ओमोरींनी एकोणिसाव्या शतकातच हे मांडलं. दहाव्या दिवशी उत्तरकंप आला म्हणून घाबरायचं कारण नाही. तडा गेलेल्या घरात मात्र त्या दिवशीही शिरू नये.

पायरी 8: दोन याद्या जोडायचा मोह झाला तर चार खाने काढा

आता मूळ मजकुराकडे. सौरज्वालांमुळे भूकंप होतात का? स्वतः तपासायची सोपी रीत आहे. वहीत चार खाने करा: ज्वाला होती आणि भूकंप झाला, ज्वाला होती आणि झाला नाही, ज्वाला नव्हती आणि झाला, ज्वाला नव्हती आणि झालाही नाही. नियम आधी लिहून ठेवा, नंतर बदलायचा नाही: एम1 किंवा वरची ज्वाला, पुढच्या तीन दिवसांत सहाच्या वरचा भूकंप. मग वर्षभराचा प्रत्येक दिवस कुठल्यातरी खान्यात टाका. यूएसजीएसच्या संग्रहातून मागची वर्षंही काढता येतात.

पहिला खाना भरपूर भरेल, यात शंका नको. सहाच्या वरचा भूकंप दोन-तीन दिवसांनी होतोच, आणि 2024 सारख्या सौर कमाल काळात, म्हणजे सूर्य सर्वांत सक्रिय असताना, एक्स वर्गाच्याच पन्नासहून अधिक ज्वाला झाल्या, एम वर्गाच्या तर कित्येक पट. कुठल्याही भूकंपाच्या मागे एखादी ज्वाला सापडणारच. तो मजकूर लिहिणारा फक्त हा खाना दाखवतो. संबंध असेल तर तो उरलेल्या तीन खान्यांशी तुलना केल्यावर दिसला पाहिजे.

मोठी उदाहरणंही तपासून पाहा. मे 2024 च्या जी5 वादळाच्या दिवसांत जगात कुठे सातच्या वरचा भूकंप झाला नाही. उलट 2009 मध्ये सूर्यावर 260 दिवस एकही डाग नव्हता, आणि त्याच वर्षी 29 सप्टेंबरला सामोआजवळ 8.1 चा भूकंप आणि त्सुनामी आली.

अभ्यासकांनीही हे केलं आहे. यूएसजीएसच्या संशोधकांनी 2013 मध्ये सौरडाग, सौरवारा आणि चुंबकीय निर्देशांक यांची भूकंपांच्या नोंदींशी सांगड घालून पाहिली. अर्थपूर्ण संबंध मिळाला नाही. 2020 मध्ये इटलीतल्या काही संशोधकांनी सौरवाऱ्यातल्या प्रोटॉनांच्या घनतेशी संबंध दिसतो असं मांडलं, पण त्यातून कुठला भूकंप कुठे आणि कधी हे सांगता येत नाही. भूकंपाची तारीख, जागा आणि तीव्रता आधी सांगण्याची पद्धत आज जगात कुणाकडे नाही.

एक दुवा मात्र खरा आहे, उलट्या दिशेचा. मोठ्या भूकंपाने जमीन उचलली की हवेत दाबाची लाट उठते आणि साधारण आठ-दहा मिनिटांत ती आयनांबरापर्यंत चढते. जीपीएसच्या संकेतांत तिचा ठसा दिसतो. 2011 च्या जपानच्या भूकंपानंतर हे वर्तुळाकार पसरताना नोंदलं गेलं.

पायरी 9: धक्का जाणवला तर

हलत असताना मोबाईल उघडू नका. पक्क्या इमारतीत असाल तर खाली बसा, टेबलाखाली आडोसा घ्या, टेबलाचा पाय धरून ठेवा. जिन्याकडे किंवा लिफ्टकडे धावू नका. दगड-मातीच्या जुन्या घरात असाल आणि दार दोन पावलांवर असेल तर बाहेर मोकळ्यावर या, भिंतीपासून आणि विजेच्या तारांपासून लांब. थांबल्यावर गॅस बंद, भिंतींवर नजर, शेजारच्या म्हाताऱ्या माणसांची चौकशी.

मग घड्याळ पाहून वेळ लिहा. दहा-पंधरा मिनिटांनी राष्ट्रीय केंद्राची यादी उघडा. काहीच नसेल तर खाणीतला सुरुंग किंवा लढाऊ विमानाचा आवाजही असू शकतो. तासाभराने पुन्हा पाहा.

कोकण किनाऱ्यावरच्या वाचकांनी आणखी एक नोंद ठेवावी: अरबी समुद्राच्या उत्तरेला मकरानचा पट्टा. 28 नोव्हेंबर 1945 च्या पहाटे तिथे 8.1 चा भूकंप झाला आणि त्सुनामीच्या लाटा मुंबईपर्यंत आल्या. त्या भागात सातच्या वरचा आकडा दिसला तर हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचं त्सुनामीविषयक पत्रक पाहा. ते काही मिनिटांत निघतं, आणि पत्रक नसेल तर धावपळीचं कारण नाही. लांबलेला जोराचा धक्का स्वतःला जाणवला असेल तर मात्र पत्रकाची वाट न पाहता उंचावर जा.

शेवटी, जाणवल्याची माहिती कळवा. यूएसजीएसच्या भूकंपाच्या पानावर "तुम्हाला जाणवला का" असा अर्ज असतो, राष्ट्रीय केंद्राच्या ॲपवरही तशी सोय आहे. कितव्या मजल्यावर होता, काय पडलं, किती सेकंद हललं, एवढंच विचारतात. शेजारच्या तालुक्यात लोक बोलत असतील आणि तुम्हाला काहीच जाणवलं नसेल, तर तेही भरा. धक्का कुठे विरला ती सीमा नकाशावर आखायला "नाही" हे उत्तरही लागतं.